सांडव्यावरची कोंबड्यांची जाळी

बदकाच्या आकाराच्या होड्या असलेलं धरण कसं तपासावं, हे आम्हाला कुठल्याच पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. पाटबंधारे खात्यातल्या सगळ्या नोकरीत मी मातीच्या भिंती पाहत आलो. पण त्या भिंतींमागचं पाणी शेताला जायचं, नाहीतर नळाला. पाणी अडवायचं ते नुसतं बघायला, त्यात बदकं फिरवायला आणि काठावर उभं राहून फोटो काढायला, ही आमच्या नंदुरबार जिल्ह्यातली अलीकडची प्रगती. निवृत्तीनंतर राहून गेलेली पुस्तकं वाचायची, असा माझा बेत होता. त्याऐवजी मी अशा हौशी तळ्यांचा वैद्य झालो. बोलावणं आलं की जायचं, नाडी बघायची, पथ्य सांगायचं. पथ्य कोणी पाळत नाही, पण वैद्य घरी येऊन गेल्याचं समाधान सगळ्यांना असतं.

मोठ्या धरणांना कायदा आहे, तपासणीची वेळापत्रकं आहेत, समित्या आहेत. दोन पुरुष उंचीच्या खासगी बांधाकडे फारसं कोणी फिरकत नाही. तो मालकाच्या मर्जीनं उभा राहतो आणि मालकाच्या मर्जीनंच पडतो. खाली राहणाऱ्या माणसाला मात्र, वरचं धरण कायद्यात बसतं की नाही, याच्याशी काही देणंघेणं नसतं. फुटलं तर पाणी कायदा न वाचताच येतं.

ज्यांना धरण कळतं त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. मातीच्या धरणाची भिंत मातीची असते, हे नावातच आहे, तरी ते सतत सांगावं लागतं. भिंतीच्या एका टोकाला, तिच्या माथ्यापेक्षा बऱ्याच खालच्या पातळीवर, एक रुंद मोकळी वाट ठेवतात. तिला सांडवा म्हणतात. तळं भरलं की जास्तीचं पाणी त्या वाटेनं निमूटपणे नाल्यात उतरतं. दगडी भिंतीवरून पाणी गेलं तर भिंत भिजते. मातीच्या भिंतीवरून गेलं तर भिंत जाते. तेव्हा माझ्या सगळ्या विद्येचं सार एवढंच, की सांडवा मोकळा ठेवा. एवढं एक वाक्य लोकांना पटवण्यासाठी सरकारनं मला आयुष्यभर पगार दिला आणि ते काम पुरतं होण्याआधीच मी निवृत्त झालो.

हसमुखभाई माझे सर्वांत जुने रुग्ण. नवापूरला त्यांचे कोंबड्यांचे मोठमोठे शेड आहेत. विसरवाडीच्या पुढे, हायवे सोडून डोंगराच्या बाजूला वळलं की त्यांची जमीन लागते. तिथल्या नाल्यावर त्यांनी पूर्वी एक बांध घातला होता, उन्हाळ्यात कोंबड्यांना पाणी मिळावं म्हणून. पुढे सुरतेचा कोणी पाहुणा तिथे आला, त्यानं फोटो काढले आणि म्हणाला, ‘अरे, हे तर काश्मीर आहे.’ त्या दिवसापासून कोंबड्यांचं पाणी पर्यटकांचं झालं. खोल्या उठल्या, हिरवळ आली, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या फरसबंद पायऱ्या झाल्या, कमानीवर ‘सुखसागर’ अशी अक्षरं चढली. एका काठावर उभं राहून दुसऱ्या काठावरच्या माणसाला चहा घेणार का, असं विचारता येतं, एवढा हा सागर.

पहिल्या भेटीत मी भिंतीवर चढलो आणि खाली उतरायची इच्छाच होईना, इतका गार वारा होता. भिंतीच्या माथ्यावर दुतर्फा झाडं, आणि प्रत्येक झाडापुढे संगमरवरी पाटी. अमक्यांच्या शुभहस्ते आंबा, तमक्यांच्या शुभहस्ते जांभूळ. सुखसागरला आलेला एकही प्रतिष्ठित पाहुणा झाड लावल्याशिवाय सुटला नव्हता, आणि झाड लावायला हसमुखभाईंनी सगळ्यात दिसणारी जागा निवडली होती.

मी म्हटलं, “हसमुखभाई, ही झाडं इथून काढावी लागतील.”

“काय बोलता साहेब! लोक झाडं लावा सांगतात, तुम्ही काढा सांगता?”

“लावा ना. रानात लावा, रस्त्याला लावा. धरणाच्या भिंतीत मूळ शिरलं की भिंत पोखरली जाते. आणि झाड मेलं की कुजलेल्या मुळाच्या जागी नळी तयार होते. पाण्याला आयता बोगदा.”

“पण साहेब, झाड काढलं तर...”

“पाप लागेल?”

“पाप नाही, फोन लागेल! ज्याचं झाड, तो विचारेल ने, माझं झाड कुठे गेलं?”

हा मुद्दा अभियांत्रिकीच्या बाहेरचा होता. शेवटी झाडं कोवळी होती म्हणून मुळांसकट उचलून फाटकापासूनच्या रस्त्याला लावायची असं ठरलं. खड्डे भरून, दाबून भिंत पुन्हा नीट केली. मजुरांनी झाडं एका दिवशी हलवली आणि पाट्या दुसऱ्या दिवशी. त्यामुळे एका माजी पदाधिकाऱ्यांच्या पाटीमागे त्यांच्या कट्टर विरोधकाचं जांभूळ वाढतं आहे. दोघंही अधूनमधून येतात, आपापल्या झाडाकडे कौतुकानं पाहतात आणि संतुष्ट होऊन जातात. मी हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. दिवाळी अंक सहसा ते दोघं वाचत नाहीत.

मग घोडा आला. सारंगखेड्याच्या जत्रेतून हसमुखभाईंनी पांढरा घोडा आणला आणि पाहुण्यांच्या मुलांना त्यावर बसवून भिंतीच्या माथ्यावरून फेऱ्या मारायला सुरुवात केली. टापांनी माथा एका ठिकाणी खचत चालला होता. मी सांगितलं, घोडा खाली मैदानात फिरवा. हसमुखभाईंनी मान हलवली. त्यांची मान हलण्याचा अर्थ ‘पटलं’ असा नसून ‘छान बोलता’ असा आहे, हे मला कळायला काही वर्षं लागली.

तरी ते काम मला आवडायचं. पावसाळ्याच्या आधी एक फेरी आणि नंतर एक. भिंतीच्या पायथ्याशी चालत ओल शोधायची, खेकड्यांची बिळं बघायची, सांडव्यातलं गवत काढून घ्यायचं. बरोबर रघुनाना असायचे. ते शेडवरचे मुकादम, शिंदखेड्याकडचे, अहिराणी बोलणारे आणि तोंडानं फटकळ. फेरीनंतर जेवण, आणि निघताना गाडीत अंड्यांचे ट्रे. फी मी घेत नसे. त्यामुळे माझ्या सल्ल्याला काही किंमत नाही असं हसमुखभाईंना वाटत असावं, पण अंड्यांमुळे आमचे संबंध उबदार राहिले.

भिंतीच्या खाली, नाल्याच्या काठानं एक फळी आहे. फळी म्हणजे आमच्याकडची आदिवासी वस्ती. बरीचशी घरं ख्रिस्ती, थोडी पूर्वापार देव मानणारी. भात, तूर, थोडी मजुरी. नाल्याच्या सर्वांत जवळचं घर रमिलाबाईंचं. नवरा मजुरीसाठी बारा महिने बाहेरगावी असे. घरी त्या आणि त्यांची सासू. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्या खाटेवरच असत. रमिलाबाई घरी मावची बोलतात आणि साहेब लोकांशी शाळेतलं मराठी, पण त्या शाळेतल्या मराठीला त्यांनी अशी धार लावली आहे की गुरुजींनाही हेवा वाटावा.

आता त्या रविवारची गोष्ट.

पावसाळा ऐन भरात होता. तळं भरून आठवडा झाला होता आणि सांडव्यावरून पाणी पडत होतं. हसमुखभाईंनी जलपूजन ठेवलं होतं. धरण भरलं की मोठ्या माणसाच्या हातून पाण्याची ओटी भरायची, साडी-खण, नारळ, हळदकुंकू पाण्यात सोडायचं, ही आपली सरकारी धरणांवरची जुनी रीत. ती खासगी तळ्यावर यायला वेळ लागला नाही. एक मोठे पाहुणे येणार होते. मांडव होता, कर्णे लावले होते, फळीतल्या बायकांना नाचासाठी बोलावलं होतं. मलाही शाल मिळणार होती. मी शालीचा शौकीन नाही, पण जेवणाला नकार देणं मला जमत नाही.

पोचलो तेव्हा मांडवात भुरभुर पाऊस पडत होता. डोंगराकडे मात्र काळंकुट्ट होतं आणि पहाटेपासून तिकडे धो धो चालू आहे, असं आचारी सांगत होता. हसमुखभाई नव्या सफारीत पायऱ्यांवर उभे होते आणि चेहऱ्यावर लग्नघरचा आनंद.

“जुओ साहेब, जुओ! सगळ्यात वरची पायरी! पाहुण्यांना वाकायला पण नको. हात पुढे केला की पाणी! काल चार पायऱ्या खाली होतं.”

मी ते पाहिलं आणि माझी भूकच गेली. सांडवा मोकळा असताना एका सकाळीत पाणी चार पायऱ्या चढत नाही.

मी काही विचारणार एवढ्यात मागून आवाज आला. “हसमुखभाई, आमचा नाला कुठे ठेवला?”

रमिलाबाई होत्या. नाचासाठी नेसलेली चांगली साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली आणि पाय चिखलानं भरलेले.

“काय झालं बेन?”

“वरून पाऊस अन् खालून नाला कोरडा. काल शेतात पाट भरून पाणी येत होतं, आज सकाळपासून चूळ भरायला पण नाही. रोपं उपटून ठेवली आहेत, चिखल करायला पाणी नको? तुमचा पाहुणा येतो म्हणून आमचं पाणी पण मांडवात बसवलं का?”

“अरे, मी कुठे अडवलं? पाणी देवानं भरलं!”

“देवानं भरलं अन् तुम्ही झाकण लावलं.”

रमिलाबाई पाण्यासाठी भांडायला आल्या होत्या. पण नाला कोरडा आहे, हे ऐकल्यावर मला पुढचं विचारायची गरज राहिली नाही. मी सांडव्याकडे जवळजवळ धावत गेलो. माझ्या वयात धावण्याला जवळजवळ हाच शब्द लागतो.

सांडव्याच्या तोंडावर, या कडेच्या भिंतीपासून त्या कडेच्या भिंतीपर्यंत, लोखंडी अँगलना तारेनं बांधलेली कोंबड्यांची जाळी उभी होती. आणि जाळी मुळी दिसतच नव्हती. डोंगरातल्या सागाची गेल्या उन्हाळ्यातली सगळी पानगळ पाण्याबरोबर येऊन तिला थापली गेली होती. सागाचं पान सुपाएवढं. एकावर एक अशी चिकटलेली, की कोणी पत्रावळीच टाचून भिंत केली आहे असं वाटावं. पानांच्या या बाजूला तळं, त्या बाजूला सांडव्याची ओली फरशी आणि तिच्यावरून जाणारी पाण्याची एक करंगळीएवढी धार.

रघुनाना मागून आले होते. मी विचारलं, “नाना, ही जाळी कोणी लावली?”

“मीच लायी साहेब. मालकनं सांगं, मासा भाहेर जावाले नको.”

“मी मे महिन्यात आलो तेव्हा तर नव्हती.”

“तुम्ही गयात, मंग लायी. तुम्हनासमोर लायतू तं तुम्ही वरडतात ना!”

हा प्रकार असा होता. हसमुखभाईंनी तळ्यात रोहू-कटला सोडले होते, पाहुण्यांना गळ टाकून बसता यावं म्हणून. मासे चांगले वाढले होते. सांडव्यावरून वाहून जाऊ नयेत यासाठी काहीतरी आडवं लावणं आलं. दुसऱ्या कोणी बांबूचा ताटवा लावला असता, तो पाण्यानं मोडला असता आणि सगळं निभावलं असतं. पण नवापूरच्या पोल्ट्रीवाल्याकडे जाळीला काय तोटा! शेडवरची उत्तम, गंज न धरणारी, कोल्हं-मुंगूस आत येऊ न देणारी जाळी त्यांनी दुहेरी करून ठोकली होती. काम इतकं पक्कं झालं होतं, की धरण आधी फुटलं असतं आणि जाळी नंतर.

मी भिंतीच्या माथ्यावर गेलो. घोड्याच्या टापांनी खचलेल्या जागी पाणी माथ्याच्या वीतभर खाली होतं आणि डोंगरात पाऊस चालूच होता. हसमुखभाईंना तिथे आणून उभं केलं.

“जाळी आत्ताच्या आत्ता काढायची.”

“काढू ने साहेब. पाहुणे नवापूरहून निघाले आहेत. एवढं पूजन होऊ द्या, मग काढू. आता पाणी उतरलं तर पायऱ्यांवर चिखल दिसेल. आणि माझे मासे...”

“पाणी इथून बाहेर पडणार आहे,” मी बोटानं जागा दाखवली. “एकदा माथ्यावरून धार लागली की ही माती धुपायला वेळ लागत नाही. पाहुणे तिकडे ताट घेऊन उभे असतील आणि तळं इकडून निघून गेलेलं असेल. सगळं एकदम. खाली फळीवर.”

रमिलाबाई मागेच उभ्या होत्या. आतापर्यंतचं भांडण त्यांच्या चेहऱ्यावरून पुसलं गेलं.

“माझी सासू घरात आहे,” त्या म्हणाल्या. “खाटेवर. लोक सगळे चर्चमध्ये आहेत, टेकडीवर. ती एकटी आहे.”

हसमुखभाईंनी पाण्याकडे पाहिलं, मग रमिलाबाईंकडे. मी त्यांच्यावर आजवर एवढं हसलो आहे, म्हणून हेही सांगितलं पाहिजे, की त्यानंतर त्यांनी पाहुण्यांचं नाव काढलं नाही. “नाना, माणसं बोलाव. शेडवरची सगळी,” एवढंच म्हणाले.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, की जाळी कापली की झालं. तसं नसतं. पाण्याचा एवढा रेटा ज्या जाळीवर आहे तिच्यासमोर तळ्यात उतरलेला माणूस जाळीलाच चिकटतो, आणि मागच्या बाजूला उभा राहिलेला तिच्यासकट नाल्यात जातो. आणि जाळी एकदम सोडली तर साठलेलं पाणी लोंढ्यानं खाली जातं. म्हणजे धरण वाचवायच्या नादात आपणच छोटा पूर पाठवायचा. तेव्हा आधी नाला रिकामा, मग जाळी, आणि तीही कडेनं, थोडी थोडी.

रमिलाबाईंनी फोन लावला. चर्चमध्ये त्यांचा पुतण्या होता. मावचीत भराभर बोलल्या. मला शब्द कळले नाहीत, पण सासूला खाटेसकट उचलून टेकडीवर न्यायला सांगतात, हे सूर ऐकून कळलं. तिकडे पाळकांनी प्रार्थना थांबवली, चार जण खाट आणायला धावले. सगळं कसं पुस्तकात लिहावं तसं चाललं होतं. आणि नेमक्या त्याच वेळी, फोन चालू असताना, शेजारी उभ्या हसमुखभाईंनी कपाळावर हात मारून आक्रोश केला, “अरे, पण माझे सगळे मासे नाल्यात जाणार रे!”

पुतण्यानं ते ऐकलं.

पूर येतोय म्हटलं तर माणूस एकदा विचार करतो, खरंच येतोय का? मासे येताहेत म्हटलं तर कोणी विचार करत नाही. बघता बघता टेकडीवरून पोरंसोरं, बापे, बाया टोपल्या, जुन्या साड्या, मच्छरदाण्या घेऊन खाली उतरायला लागली. रिकामा करायचा तो नाला भरू लागला. खाट घेऊन वर चढणारे चौघे आणि मासे धरायला खाली पळणारी सगळी फळी, असं ते दृश्य मी भिंतीवरून पाहत होतो, आणि माझ्या हातात तार कापायची पक्कड होती.

“येडा झायात का हाई लोके!” रघुनाना ओरडले. “कोंबडी बी इतली वेडी नही ऱ्हास!”

रमिलाबाई भिंतीवरून हाका मारत होत्या, पण पावसात आणि खालच्या गलक्यात आवाज पोचत नव्हता. “ऐकणार नाहीत,” त्या मला म्हणाल्या. “कोण ऐकेल? हे मासे वर्षभर नुसते दिसतात त्यांना. हात लावला तर वॉचमन धावतो. आज देवानं सोडले म्हणतील.” मग हसमुखभाईंकडे वळल्या. “तुमचेच मासे. तुम्हीच बोला.”

“मी काय बोलू?”

“देतो म्हणा.”

हसमुखभाईंनी एकदा तळ्याकडे पाहिलं. ते मासे त्यांनी बोटाएवढे असल्यापासून वाढवले होते, कोंबड्यांच्या खाद्यातलं चांगलं चांगलं त्यांना घातलं होतं. मग ते मांडवाकडे निघाले. स्वागतासाठी लावलेले कर्णे चारी दिशांना तोंड करून होते. थोड्या वेळात त्यातून खरखर आली, ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ झालं, कारण त्यावाचून आपल्याकडे जगबुडीचीही घोषणा होऊ शकत नाही, आणि मग हसमुखभाईंचा आवाज सगळ्या दरीत घुमला.

“नाल्यात कोणी उतरू नका! भाईओ, बहनो, पाणी येणार आहे, मोठं पाणी! मासे मी देतो! तळ्यातले मासे, सगळ्या फळीला देतो, घरपोच देतो, पण नाल्यातून बाहेर या!”

नाल्यातली माणसं थबकली. कोणीतरी खालून काहीतरी ओरडलं.

“काय म्हणतो तो?” मी विचारलं.

“कधी देणार, ते विचारतो,” रमिलाबाई म्हणाल्या आणि मांडवाकडे पळाल्या. पुढचं त्यांनीच माइकवर सांगितलं, मावचीत. मध्ये एकदा हसमुखभाईंचं नाव आलं, एकदा सासूचं. शेवटी त्यांनी जे काही म्हटलं त्यावर खाली हशा पिकला आणि लोक नाल्याच्या दोन्ही काठांनी वर चढू लागले. मी नंतर विचारलं, काय म्हणालात? “म्हटलं, शेटनं माइकवर कबूल केलं आहे, देवाच्या घरापर्यंत ऐकू गेलं आहे. आता तो फिरला तर त्याची कोंबडी अंडं देणार नाही. पण मेलेल्या माणसाला वाटा मिळणार नाही, तर वर या.”

इकडे शेडवरचे गडी दाताळी घेऊन आले होते. शेडमध्ये कोंबड्यांखाली भाताच्या तुसाची गादी असते, ती रोज दाताळ्यानं परतावी लागते, म्हणून या मंडळींचा हात त्यात बसलेला. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उभं राहून त्यांनी कडेची पानं ओढायला सुरुवात केली. कोणी पाण्यात उतरायचं नाही, हे मी इतक्या वेळा बजावलं की रघुनाना म्हणाले, “साहेब, आते तुम्हीच तेवढा उतरी ऱ्हायनात, मांगे सरका.” मी मागे सरकलो. बाकीच्यांना मी खचलेल्या जागेवर पाठवलं. कोंबडखाद्याच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरून त्यांनी तिथे बुटका बांध रचला. तो रचेपर्यंत पाणी पोत्यांच्या पायाशी आलं होतं आणि एक बारीक धार त्यांच्यामधून पलीकडे गवतावर पाझरत होती. तिच्याकडे बघत उभं राहण्याइतकं लांबलचक काम मी नोकरीत दुसरं केलं नाही.

कडेची पानं निघाली तसं पाणी जाळीतून फुसफुसत बाहेर पडायला लागलं. मग एका टोकाची वरची तार कापली. जाळीचा कोपरा दुमडला, पाणी त्या वाटेनं घुसलं. थोडं थांबून पुढची तार. असं करत करत अर्धी जाळी आडवी झाली, आणि तिच्यावरून तळं गढूळ, पानं घेऊन, गर्जत नाल्यात उतरू लागलं. नाला दोन्ही काठ भरून वाहिला. रमिलाबाईंच्या अंगणाच्या कडेला पाणी लागलं, कुंपणाच्या चार काठ्या घेऊन गेलं आणि तिथेच थांबलं. गवतावरची धार हळूहळू बारीक झाली आणि तुटली.

टेकडीवर, चर्चच्या ओसरीत, खाटेवर उठून बसलेली म्हातारी लांबूनही दिसत होती. पुतण्यानं तिच्या डोक्यावर छत्री धरली होती आणि ती हात नाचवून त्याला काहीतरी बोलत होती. “शिव्या देते,” रमिलाबाई समाधानानं म्हणाल्या. “प्रार्थनेला न्या म्हणून वर्षभर सांगत होती, तेव्हा कोणाला सवड नव्हती.”

पाहुणे बरेच उशिरा आले. नाल्यावरच्या रस्त्याला पाणी असल्यामुळे त्यांच्या गाड्या पलीकडे थांबल्या होत्या आणि मधल्या वेळात विसरवाडीची भजी खाऊन सगळे तृप्त होते. पाणी आता पुष्कळ पायऱ्या उतरलं होतं आणि प्रत्येक पायरीवर चिखलाचा गिलावा होता. पाहुण्यांनी आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं, मग तळ्याकडे.

“हसमुखभाई, भरलं म्हणाला होता ना?”

“भरलं होतं साहेब. सोडून दिलं.”

“का?”

हसमुखभाईंनी नाल्याच्या दिशेनं हात केला. “तिकडे यांची घरं आहेत,” ते म्हणाले. सफारीला गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि पुढे काय बोलावं ते त्यांना सुचलं नाही. पाहुण्यांना सुचलं. त्यांनी पाण्याचं महत्त्व या विषयावर भरपूर बोलून घेतलं आणि सरोवराची सुरक्षितता हा आपल्या पाठपुराव्याचाच भाग असल्याचं सांगितलं. साडी-खण आणि नारळ मात्र हसमुखभाईंच्या पत्नीनं, चपला काढून, चिखलातून उतरत पाण्यात सोडला. शाली वाटल्या गेल्या. माझी मी रघुनानांना दिली, त्यांनी ती घोड्यावर घातली.

मासे दोन दिवसांनी वाटले. तळ्यात ओढजाळं टाकून काढले, आणि वाटणीला उभ्या होत्या रमिलाबाई. त्यात एक पक्की गोष्ट ठरून गेली, तिचं श्रेय कोणाला द्यावं हे मला अजून कळत नाही. मासे दरवर्षी पावसाआधीच काढायचे, निम्मे शेटचे, निम्मे फळीचे. पावसाळ्यात तळ्यात नुसती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, राहतील. मग अडवायला काही नको आणि सांडवा उघडा. कितीतरी कागदांवर ‘सांडवा मोकळा ठेवावा’ असं लिहून मी सह्या केल्या होत्या. त्यातलं कोणतं वाचलं गेलं, मला शंका आहे. हे मात्र पाळलं जातं, कारण आता सांडव्यापाशी काही उभं राहिलेलं दिसलं की फळीतलं माणूस वर येऊन विचारतं.

मनाला लागून राहतं ते एवढंच, की अशी तळी जिल्ह्यात आणखी किती आहेत, हे मला माहीत नाही. बोलावलं तिथे गेलो. न बोलावलेल्या जागी कोण भिंतीवर काय लावून बसलं असेल, याचा विचार पाऊस वाढला की येतो. मग मी पुस्तक मिटून खिडकीशी जातो. काही उपयोग नसतो, पण जातो.

यंदा मे महिन्यात हसमुखभाईंचा फोन आला.

“साहेब, एक आयडिया आहे. सांडव्यावर पूल! काचेचा, खालून लाइट. सुरतेला पाहिला. लोक तुटून पडतील.”

“लोक पडतील तो भाग खरा. खांब कुठे घेणार?”

“मध्येच, दोनतीन. छोटे छोटे.”

“त्या खांबांना पानं अडकतील.”

“तेच,” पलीकडून सुस्कारा आला. “खरं सांगू का, रमिलाबेनला आधी विचारलं होतं. ती नाही म्हणाली. म्हटलं, साहेब शिकलेले आहेत, त्यांना विचारून बघू.”

“मीही नाहीच म्हणतो.”

“मग आता मी जायचं कुठे?”

“अपील करा ना.”

“कोणाकडे?”

“रमिलाबाईंकडे. जाताना थोडे मासे घेऊन जा, सुनावणी तरी लवकर होईल.”